आजी पडल्यात आणि उठता येत नाहीये: खुब्याचं हाड मोडल्यावर घरच्यांनी काय करायचं

बहुतेक वेळा हे पहाटे घडतं. आजी लघवीला उठतात, आजोबांची झोप मोडू नये म्हणून दिवा लावत नाहीत, न्हाणीच्या दाराशी पायपुसणं सरकतं आणि त्या कुशीवर पडतात. आवाज फारसा होत नाही. घरचे धावतात तेव्हा त्या म्हणतात, "काही नाही रे, जरा हात दे." हात दिला तरी पाय उचलत नाही.

मी गेली सतरा वर्षं हाडांच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे. अशा आजी-आजोबांना ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभं करण्याचं काम माझं. त्यांच्या घरचे लोक मला जे प्रश्न विचारतात, ते बहुतेक वेळा दोन-तीन दिवस उशिरा विचारतात. म्हणून हे क्रमाने लिहिते आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा: खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला खरा धोका अंथरुणाचा असतो. पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पोटरीत रक्ताची गाठ होते, पाठीला जखमा होतात, लघवीत जंतू होतात, भूक जाते. या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात पाचातला एक जण तरी जातो असं जगभरातले आकडे सांगतात, आणि त्यातले बरेच या पडून राहण्याच्या दुखण्यांनी जातात. पुढची प्रत्येक पायरी आजींना लवकर आणि सुखरूप अंथरुणाबाहेर काढण्यासाठी आहे.

पहिला तास

बगलेत हात घालून उभं करायचा प्रयत्न करू नका. आधी आहे तिथेच दोन्ही पाय बघा. मोडलेल्या बाजूचा पाय थोडा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं असतं. हे दोन्ही दिसलं तर हाड मोडलंय असंच धरून चाला. पण दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. कधीकधी मोडलेले तुकडे एकमेकांत रुतून बसतात, तेव्हा पाय सरळ दिसतो आणि माणूस लंगडत चालूही शकतं. जांघेत दुखत असेल, किंवा पडल्यावर अचानक गुडघा दुखायला लागला असेल, तरी खुब्याचाच संशय घ्या. खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं.

तेल लावून चोळू नका, पाय ओढून सरळ करू नका, आणि हाडवैद्याकडे तर मुळीच नेऊ नका. मनगटाची गोष्ट वेगळी असेल, पण इथलं हाड बाहेरून ओढून बसत नाही. दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवा, ओढणीने किंवा पंचाने पाय एकमेकांशी सैलसर बांधा. अंगाखालून चादर सरकवा, चौघांनी चार कोपरे धरा आणि एकदम उचला. महाराष्ट्रात १०८ नंबरची रुग्णवाहिका मोफत मिळते. रिक्षात बसवून नेऊ नका. बसवताना मोडलेली टोकं आणखी सरकतात.

निघताना एका पिशवीत भरा: रोजच्या गोळ्या त्यांच्या पाकिटांसकट, जुने रिपोर्ट, आधार कार्ड, रेशन कार्ड, चष्मा, कानाचं मशीन आणि दातांची कवळी. शेवटच्या तीन वस्तू लोक हमखास विसरतात. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, दोन दिवस कुणाशी बोलेनात. डॉक्टर विचारायचे, त्या तोंडावर पदर धरून भिंतीकडे बघायच्या. सगळ्यांना वाटलं भ्रम झालाय. तिसऱ्या दिवशी नातीने घरून कवळी आणली. आजींनी ती तोंडात बसवली, पदर खाली घेतला आणि पहिलं वाक्य बोलल्या: "आता विचारा काय विचारायचं ते."

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते पोचल्या पोचल्या सांगा. भूलतज्ज्ञांचे बरेच निर्णय त्यावर ठरतात.

हा खुबा नेमका असतो कुठे

एवढं समजून घेतलंत तर डॉक्टर पुढे जे सांगतील ते सगळं उलगडेल, म्हणून थोडा वेळ द्या.

कमरेच्या हाडावर हात ठेवा आणि तिथून वीतभर खाली, मांडीच्या बाहेरच्या अंगाला बोटं दाबा. एक टणक उंचवटा लागेल. पाय आत-बाहेर फिरवलात तर तो बोटांखाली सरकतो. लोक त्यालाच खुब्याचा सांधा समजतात. तो मांडीच्या हाडाचा बाहेरचा कोपरा आहे. खरा सांधा त्याच्या आत, जांघेत खोल आहे, आणि म्हणूनच दुखतं ते जांघेत. कटीच्या हाडात एक वाटी असते, तिच्यात मांडीच्या हाडाचा गोळा बसतो. शाळेत शिकलेला हा उखळीचा सांधा. वाटी आणि गोळा दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, मध्ये वंगणासारखा द्राव असतो आणि भोवती मजबूत पिशवी.

मांडीचं हाड सरळ वर जाऊन वाटीत बसत नाही. टोकाशी ते सुमारे १३० अंशांच्या कोनात आत वळतं. गोळा आणि खालचं हाड यांना जोडणारा हा तिरका भाग म्हणजे मान. भिंतीतून सज्जा बाहेर यावा तशी ही मान निघते आणि सगळा भार तिच्या टोकावर येतो. आपण एका पायावर उभे राहतो, म्हणजे प्रत्येक पाऊल टाकतो, तेव्हा खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो, कारण कमरेचा तोल धरायला बाजूचे स्नायूही सांध्यावर ओढ घेतात.

हा भार पेलायला हाडाची आतली रचना जाळीची असते. घावनाला जाळी पडते ना, तशी. फक्त इथे जाळीचा धागान् धागा भाराच्या दिशेने रचलेला असतो. हाड जिवंत असतं. जुनं हाड खाणाऱ्या पेशी आणि नवं रचणाऱ्या पेशी आयुष्यभर शेजारी शेजारी काम करत असतात. पाळी गेल्यावर बायकांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि खाणाऱ्या पेशींचा वेग रचणाऱ्यांपेक्षा वाढतो. जाळीतली भोकं मोठी होतात, धागे बारीक होतात. मग उभ्या उंचीवरून पडणं एवढंही पुरतं. आजी "एवढ्याशा पडण्याने कसं मोडलं" म्हणून स्वतःला दोष देतात. त्यांना सांगा, हाड आतून वीस वर्षं झिजत आलं होतं.

आता रक्तपुरवठा. गोळ्याला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या मानेच्या मुळाशी निघतात आणि मानेला चिकटून वर चढतात. गोळ्याची मुख्य वाट हीच. मान मोडून तुकडे सरकले की या वाहिन्या फाटतात आणि गोळा उपाशी पडतो. अशी मान जोडली तरी जुळेल याची खात्री नसते, आणि जुळली तरी पुढे काही महिन्यांनी गोळा मरून खचू शकतो. मानेच्या खाली, त्या बाहेरच्या उंचवट्याच्या पातळीवर मोडलं तर गोष्ट उलटी. तिथे रक्त भरपूर असतं, हाड जुळतं. पण रक्तस्रावही जास्त होतो आणि धरून ठेवलं नाही तर पाय आखूड, वाकडा जुळतो.

एक्स-रे समोर आला की

डॉक्टरांना आधी हे विचारा: "मान मोडली आहे की मानेच्या खाली?" मानेच्या खालच्याला वॉर्डात 'आयटी' किंवा 'ट्रोकँटर' म्हणताना ऐकाल. मान मोडली असेल तर दुसरा प्रश्न: "तुकडे सरकलेत का?" या दोन उत्तरांवर ऑपरेशन जवळजवळ ठरतं.

मान मोडली पण सरकली नसेल तर वाहिन्या शाबूत असण्याची शक्यता चांगली. मग साधारण तीन स्क्रू टाकून ती आहे तशी धरतात. साठी-पासष्टीच्या पुढच्या माणसाची मान मोडून सरकली असेल तर गोळाच काढून धातूचा बसवतात. यात फक्त गोळा बदलतात तेव्हा 'बायपोलर' हा शब्द कानावर येईल. जो माणूस पडण्याआधी बाजारहाट स्वतः करत होता, त्याला वाटीसकट पूर्ण सांधा बदलण्याचा सल्ला मिळू शकतो. आजचा कृत्रिम सांधा ज्या रचनेतून आला, ती इंग्लंडमध्ये रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी १९६२ साली पक्की केली: धातूचा गोळा, प्लास्टिकची वाटी, आणि दोन्ही हाडाशी घट्ट बसवायला हाडाचं सिमेंट.

मानेखालचं मोडलं असेल तर सांधा तसाच ठेवतात आणि हाड जोडतात. एकतर बाहेरून प्लेट आणि गोळ्यापर्यंत जाणारा जाड स्क्रू, किंवा हाडाच्या पोकळीतून सळई आणि तिच्यातून वर गोळ्यात जाणारे स्क्रू. या सळईला 'पीएफएन' म्हणतात. ती दोन-तीन छोट्या छेदांतून, सी-आर्म नावाच्या एक्स-रे मशीनच्या पडद्यावर बघत बसवतात. "रॉड टाकला" असं नातेवाईक सांगतात ते हेच.

एक्स-रे साफ आला आणि तरीही आजींना पाय टेकवता येत नसेल, तर एमआरआय किंवा सीटी करायचा का, हे आग्रहाने विचारा. बारीक चीर साध्या एक्स-रेवर निसटते.

ऑपरेशन करायचं की नाही, आणि कधी

"या वयात कशाला चिरफाड? तीन महिने झोपवून ठेवू, जुळेल." हे वाक्य मी आजवर असंख्य वेळा ऐकलंय आणि दरवेळी पोटात कालवतं. ऐंशीच्या माणसासाठी तीन महिन्यांची खाट ही ऑपरेशनपेक्षा कितीतरी मोठी जोखीम आहे. ऑपरेशनचा पहिला उद्देश वेदना थांबवणं आणि माणसाला बसतं करणं हा असतो, चालणं त्यानंतर. पूर्वीपासून अंथरुणाला खिळलेल्या माणसालासुद्धा कूस बदलताना किंचाळावं लागू नये म्हणून हे ऑपरेशन करतात. अगदी शेवटच्या आजारातलं माणूस असेल तर निर्णय वेगळा होऊ शकतो. तो डॉक्टरांशी मोकळेपणी बोलून घ्या.

शक्य तर पहिल्या ४८ तासांत ऑपरेशन व्हावं. उशीर होतो तो बहुधा 'फिटनेस'मध्ये. रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे, टू-डी इको, फिजिशियनचं मत, असं एकामागून एक चालतं. अमेरिकेहून भाऊ येईपर्यंत थांबू म्हणणारेही भेटतात. भावाला व्हिडिओ कॉलवर घ्या, पण थांबू नका. "कोणत्या तपासणीसाठी अडलंय आणि त्या तपासणीने निर्णय बदलणार आहे का?" हे नम्रपणे, रोज सकाळी विचारा.

पायाला वजन लटकवलेलं असलं तर तो इलाज झाला असं समजू नका. मोडलेलं हाड त्याने जुळत नाही. दुखणं कमी करायला भूलतज्ज्ञ जांघेत नस बधिर करणारं इंजेक्शन देऊ शकतात. त्याबद्दल विचारा. भूल बहुतेकदा कमरेतूनच देतात, कमरेखालचा भाग बधिर होतो. उपाशी ठेवण्याबद्दल: साधारणपणे ६ तास जेवण बंद आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. ऑपरेशनची वेळ पुढे ढकलली गेली तर लगेच नर्सना विचारा. रात्रीपासून दुपारपर्यंत कोरड्या घशाने पडलेल्या आजी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचीच तब्येत नंतर जास्त बिघडते.

पैशांचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे या योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं टेबल असतं. आजींना वॉर्डात हलवण्याआधीच तिथे जा आणि आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का, ते विचारा.

पहिलं पाऊल

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी येते. नातेवाईक दारातच अडवतात: "मॅडम, आज राहू द्या, फार दुखतंय तिला." मी म्हणते, दुखण्याचं औषध अर्धा तास आधी देऊ, पण आज बसायचंच.

आधी सर्जनला विचारलेलं असावं: "पूर्ण वजन टाकायचं का?" बहुतेकांचं उत्तर होय असतं, कारण रॉड किंवा गोळा त्याचसाठी बसवलेला असतो. नाही म्हणाले तर किती आणि कधीपर्यंत नाही, ते लिहून घ्या.

मग पलंगाचं डोकं वर करा आणि पाच मिनिटं थांबा. पाय कडेला सोडून बसवा, पुन्हा थांबा. चक्कर येते का बघा. वॉकरची मूठ उभं राहिल्यावर मनगटाच्या रेषेशी यायला हवी. उंच वॉकरने खांदे वर चढतात, ठेंगण्याने पाठ वाकते. उठताना हात वॉकरवर ठेवायचे नाहीत, पलंगाच्या कडेवर रेटा द्यायचा. वॉकर ओढून उठलं की तो अंगावर येतो. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पुढे काठी आली की ती ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरायची. हे सगळ्यांना उलटं वाटतं. पण खुब्यावर जो जादा भार येतो तो तोल धरणाऱ्या स्नायूंच्या ओढीने येतो, आणि विरुद्ध हातातली काठी नेमकी तीच ओढ हलकी करते.

पहिल्या दिवशी चार पावलं झाली तरी पुष्कळ. पलंगावर असताना दर तासाला पावलं वर-खाली हलवायची, गुडघा गादीत दाबून पाच आकडे धरायचा, आणि श्वासाच्या व्यायामासाठी दिलेल्या तीन चेंडूंच्या नळीतून श्वास ओढायचा. पोटरीत गाठ होऊ नये म्हणून पोटात टोचायची इंजेक्शनं घरी गेल्यावरही काही आठवडे चालू राहू शकतात. मध्येच बंद करू नका.

एक मुलगा आईला रोज उचलून संडासात न्यायचा. दणकट होता, आणि आईवर जीव होता. आठव्या दिवशी आईच्या मांडीत इतकीही ताकद उरली नव्हती की खुर्चीतून स्वतः उठावं. मी त्याला आईच्या शेजारी हात मागे बांधून उभं केलं. पलंगापासून खिडकीपर्यंत सहा पावलं टाकायला तिला चार मिनिटं लागली. त्याचे डोळे भरून आले होते, पण त्याने हात पुढे केला नाही. तो दिवस त्या दोघांसाठी महत्त्वाचा ठरला.

रात्री ओळखेनाशा झाल्या तर

ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आजी मुलाला भाऊ समजतात, सलाईन ओढतात, माहेरी जायचं म्हणतात. याला भ्रम म्हणतात, आणि या वयात तो पुष्कळांना होतो. वेड लागलेलं नसतं. लघवीतले जंतू, कमी झालेलं सोडियम, न सांगता आलेलं दुखणं, तीन दिवस न झालेली शौच, यातलं काहीतरी मागे असतं, म्हणून नर्सना लगेच सांगा. चष्मा लावा, कानाचं मशीन लावा, दिवसा पडदे उघडा, रात्री दिवे मंद करा. ओळखीचा एकच माणूस शेजारी बसू द्या. वाद घालू नका, हात बांधू नका. बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं.

घरी नेण्याआधी

पलंग आणि खुर्ची इतकी उंच हवी की बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर जाणार नाही. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणा. गोळा बदललेला असेल तर मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं, खाली वाकून पडलेली वस्तू उचलणं हे सर्जन सांगतील तोवर बंद, नाहीतर गोळा वाटीतून निसटू शकतो. कुशीवर झोपताना पायांमध्ये उशी. देवपूजेसाठी पाटावर बसायची सवय असेल तर देव टेबलावर आणा. आजींना समजावण्यापेक्षा ते सोपं जातं.

न्हाणीतलं पायपुसणं काढा, भिंतीत पक्का दांडा बसवा, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा लावा. टाके साधारण १२ ते १४ दिवसांनी निघतात. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, एका पोटरीला सूज, अचानक धाप, किंवा पाय एकाएकी आखूड होऊन जोरात दुखणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

जे बहुतेक घरांत राहून जातं

ऑपरेशनने मोडलेलं हाड सावरतं. दुसऱ्या बाजूचा खुबा तितकाच ठिसूळ असतो. फायलीत डिस्चार्ज कार्ड ठेवलं जातं आणि हाड मजबूत करायच्या औषधाचं कुणी नाव काढत नाही. मला याचं सर्वात जास्त वाईट वाटतं, कारण त्यातल्या काही आजी दोन वर्षांनी दुसरा पाय मोडून परत माझ्याकडे येतात.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: "ठिसूळपणाचं औषध कधी सुरू करायचं?" डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारी तपासणी अजून झालेली नाही, या कारणाने थांबू नका, पडून खुबा मोडला, हाच पुरेसा पुरावा आहे. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिडचं ५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन असतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत ते दिलेल्या रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात नवी फ्रॅक्चर सुमारे ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू सुमारे २८ टक्क्यांनी कमी दिसले. आधी किडनीची आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करावी लागते, आणि दात काढायचा असेल तर तेही आधी सांगावं लागतं. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते, घाबरू नका. दर आठवड्याच्या गोळीचा पर्याय दिला असेल तर ती सकाळी उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या सांगितल्या तेवढेच आठवडे घ्या. शेजारणीच्या सल्ल्याने वर्षभर घेतल्या तर त्या अपाय करतात. नाचणीची भाकरी, तीळ, दूध, ताक हे रोजच्या जेवणात असूच द्या, आणि डाळ-अंडी वाढवा, कारण मांडीचा स्नायू परत यायला प्रथिनं लागतात.

रात्री घ्यायच्या झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांमुळे तोल जातो का, तेही याच भेटीत विचारा. मोतीबिंदू लांबवला असेल तर त्याची तारीख घ्या. घरात दुसरं कुणी साठीच्या पुढचं असेल आणि साध्या पडण्याने त्यांचं मनगट कधी मोडलं असेल, तर त्यांनाही याच ओपीडीत दाखवा. त्यांचा खुबा अजून शाबूत आहे.

सहा आठवड्यांनी एक एक्स-रे, तीन महिन्यांनी दुसरा. इंजेक्शन दिलं असेल तर ती तारीख डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि नवं कालनिर्णय भिंतीवर टांगाल त्या दिवशी पुढच्या वर्षीच्या त्याच तारखेला लाल पेनाने गोल करा.